मधली आज्ञा

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला. म्हणाले, "ताई, आपल्याकडे कॉम्प्युटर नवा नवा आला तेव्हाच्या गमतीजमती लिहा. वाचणाऱ्याला हसू आलं पाहिजे." गमती होत्या, सांगते. पण त्या दिवसांची आठवण काढली की मला हसू नंतर येतं, आधी डोकं तापतं. इतकी वर्षं झाली, केस पिकले, तरी बँकेत नाहीतर तहसील कचेरीत कोणी "कॉम्प्युटरची चूक झाली हो" म्हणालं की मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघत उभी राहते. कॉम्प्युटर बिचारा बोलत नाही. त्यामुळे ज्याला त्याला आपलं खापर फोडायला त्याचंच डोकं सापडतं.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी चंद्रपूरच्या एका छापखान्यात कामाला होते. मूळची वडशाची. माझे बाबा तिथल्या धानाच्या गोदामावर हमाल होते, पाठीवर पोती वाहून त्यांनी मला शिकवलं. छापखान्यात मी आधी शिशाचे खिळे जुळवायला लागले, आणि मग आमच्या मालकांनी, त्यांना सगळे भाऊच म्हणायचे, कर्ज काढून कॉम्प्युटर आणला. जुन्या जुळाऱ्यांनी त्याला हात लावायला नकार दिला, म्हणून तो माझ्या गळ्यात पडला. त्याच्यासाठी वेगळी खोली, वेगळा कूलर. आमच्या डोक्यावरचा पंखा कधीच बंद पडला होता. आत जाताना चपला बाहेर काढायच्या. आमचं घर बौद्ध, मी देवळात जाणारी नाही, पण त्या खोलीत वर्षानुवर्षं अनवाणी गेले.

आजच्या पोरांना सांगितलं तर खरं वाटत नाही. पडदा काळा, त्यावर हिरवी अक्षरं. चित्रं नाहीत, माऊस नाही. जे करायचं ते आज्ञा टंकून करायचं. मजकुरात खुणा घालायच्या, हा मथळा, हा परिच्छेद, आणि मग पुस्तक जुळवणाऱ्या प्रोग्रामचं नाव टंकून बटण दाबायचं. तो पानं बांधायचा.

त्यातलं माझं खास काम म्हणजे शब्दसूची. पुस्तकाच्या शेवटी अवघड शब्द आणि त्यांचे अर्थ असतात ना, ती. हाताने करायची तर चिठ्ठ्या करा, लावा, पुन्हा लावा. इथे मजकुरात शब्द जिथे पहिल्यांदा येतो तिथेच खूण करून त्याचा अर्थ लिहून ठेवायचा. तो अर्थ त्या पानावर छापला जात नाही. पहिली आज्ञा दिली की पानं बांधली जातात आणि खूण केलेले सगळे शब्द अर्थांसकट एका वेगळ्या फाइलीत गोळा होतात, वाट्टेल त्या क्रमाने. मग दुसरी आज्ञा. तिचा प्रोग्राम वेगळा, तो ते शब्द अ-आ-इ लावून यादी करतो. मग पहिली आज्ञा पुन्हा द्यायची, तेव्हा ती नवी यादी पुस्तकाच्या शेवटी जाऊन बसते. आमच्या वडशाच्या भाषेत सांगायचं तर धान भरडायचं, पाखडायचं आणि मग पुन्हा सडायचं. मधलं पाखडणं राहिलं तर भाताबरोबर कोंडा खा. इथे तर त्याहून वाईट. मधली आज्ञा राहिली तर प्रोग्राम कुरकुरत नाही, तो मागच्या खेपेची जुनी यादीच शेवटी लावून मोकळा होतो. पान सुबक, अक्षर सुबक, अर्थ मात्र जुना. बघणाऱ्याला काही कळत नाही.

हे मी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. ऐकायचं कोण? मूल गावचे एक वैद्य झाडपाल्याचं पुस्तक घेऊन आले होते. यादी बघून लालबुंद झाले. "हिरडा शेवटून दुसऱ्या पानावर? बाई, हिरडा म्हणजे आई आहे आई! त्याला पहिला घ्या." मी म्हटलं, "वैद्यबुवा, ह शेवटीच येणार." तर म्हणाले, "तुमच्या मशीनला वनस्पतींचं ज्ञान नाही, तुम्ही तिला समजावून सांगा." वडशाच्या एका नाटक कंपनीच्या मॅनेजरने पडद्यासमोर नारळ फोडायचा हट्ट धरला होता, पाणी आत गेलं असतं तर भाऊंना झटकाच आला असता. ही झाली संपादकांना हवी असलेली गंमत. आता माझं ऐका.

एका सरकारी योजनेचं काम आलं. योजनेचं नाव लिहीत नाही, साहेबांचंही नाही. जंगलात राहणाऱ्या लोकांनी जंगलातून काय न्यावं, किती न्यावं, कशाला परवानगी लागते, हे सोप्या मराठीत सांगणारी पुस्तिका काढायची होती. गावोगाव वाटायची आणि जंगलखात्याच्या प्रत्येक रेंज ऑफिसात ठेवायची. पहिल्याच पानावर ठळक अक्षरात होतं की शब्दांचे अर्थ शेवटच्या सूचीप्रमाणेच घ्यावेत. म्हणजे बघा, आतल्या पानावर नुसतं इतकंच की "घरच्या वापरासाठी सरपणाचा डोईभार नेण्यास मनाई नाही." आता डोईभार म्हणजे काय, ते यादी ठरवणार. आणि यादीत साहेबांच्या कचेरीने लिहून पाठवलं होतं: एका व्यक्तीने डोक्यावरून वाहून नेलेले सरपण.

साहेब नव्या दमाचे होते. म्हणाले, छापण्याआधी गावात वाचून दाखवू. ही गोष्ट त्यांनी चांगली केली, मी नाही म्हणत नाही. पुरुष साहेबांपुढे बाया बोलणार नाहीत म्हणून मलाही जीपमध्ये घेतलं. एटापल्लीच्या पुढे, सूरजागडचे डोंगर समोर दिसतात अशा एका माडिया आदिवासींच्या गावात गोटुलासमोर, म्हणजे गावाच्या बैठकीच्या घरासमोर, सगळे बसले. तिथल्या शाळेचे गुरुजी आरमोरीकडचे, पण माडिया फर्डी बोलायचे. मी एकेक वाक्य वाचायचे, ते माडियात सांगायचे. डोईभार आला आणि एक माणूस हसला. त्याचं नाव जोगा. चाळिशीचा, काटक, बाजारात ये-जा असल्याने मराठी येणारा.

"बाई, गडी मानूस डोक्यावर कुठी घेते? बाया घेतेत," तो म्हणाला. "आमी कावडीनं आनतो. इकडं एक मोळी, तिकडं एक मोळी."

माडिया पुरुष डोक्यावर ओझं घेत नाही. बांबूची कावड खांद्यावर, दोन्ही टोकांना भार, आणि ती लवत लवत तो डोंगर उतरतो. डोक्यावर चुंबळ ठेवून भारा घेणं हे बायांचं. जोगाची कावड तिथेच कुडाला टेकवून ठेवली होती, त्याच्या बापाची, खांद्याच्या जागी घासून तुळतुळीत झालेली. साहेबांनी ती हातात घेऊन पाहिली, स्वतःच्या खांद्यावर ठेवून फोटोही काढून घेतला. म्हणाले, "अगदी योग्य सूचना. शीलाताई, लिहून घ्या. डोक्यावरून, खांद्यावरून किंवा कावडीने."

जोगाने गुरुजींना दोनदा विचारलं, "लिवलं का?" मी वही दाखवली. त्याला वाचता येत नव्हतं, पण तो बराच वेळ बघत राहिला.

चंद्रपूरला आले आणि दुसऱ्याच दिवशी मजकुरात खुणेच्या जागी अर्थ बदलला. बाकीही दुरुस्त्या होत्या. पहिली आज्ञा दिली, पानं बांधून झाली. दुरुस्त्या नीट बसल्यात का बघायला मी ती पानं प्रिंटरवर काढली आणि तेवढ्यात लाइट गेली. भर दुपारची वेळ. तेव्हा लाइट गेली की संध्याकाळपर्यंत बोलायचं कामच नव्हतं. वीजघर आमच्या गावात, उजेड मुंबईला.

आणि साहेब आले. दोन दिवसांनी गडचिरोलीला मोठ्या माणसाच्या हस्ते पुस्तिकेचं प्रकाशन ठरलं होतं, त्यांना पानं आत्ताच्या आत्ता नागपूरला छपाईच्या प्लेटसाठी पाठवायची होती. टेबलावरचा गठ्ठा त्यांनी उचलला.

मी म्हटलं, "साहेब, हे नका नेऊ. मधली आज्ञा राहिली आहे. शेवटची यादी जुनी आहे."

त्यांनी पानं चाळली. "पूर्ण तर दिसतंय."

"दिसतंय पूर्ण. यादीत कावड नाही. लाइट आली की लगेच करून देते."

"अहो, दुरुस्त्या केल्यात ना तुम्ही?"

"मजकुरात केल्यात. यादीत अजून आल्या नाहीत."

"म्हणजे केल्या पण नाही केल्या? हे काय गौडबंगाल?"

मी म्हटलं, निदान पेनाने त्या एका ओळीवर लिहून देते. तर म्हणाले, "सरकारी पुस्तकात पेनाने?" भाऊ दारात उभे होते. मी त्यांच्याकडे बघितलं. ते म्हणाले, "जाऊ दे ना शीला. साहेब नेऊन राह्यले तं नेऊ दे. दुसऱ्या आवृत्तीत करू." जीप गेली. मी त्या अंधाऱ्या खोलीत बसून राहिले. संध्याकाळी लाइट आली, मी मधली आज्ञा दिली, पहिली पुन्हा दिली, आणि कावड यादीत येऊन बसली. पण जीप तोवर नागपूरला पोचली होती. सकाळी मी साहेबांच्या कचेरीत फोन लावला. साहेब मांडव बघायला गेले आहेत, असं उत्तर मिळालं.

प्रकाशन झालं. हार, भाषणं, पेपरात फोटो.

हिवाळा सरता सरता एक दिवस गुरुजी छापखान्यात आले. एटापल्लीहून चंद्रपूर म्हणजे दिवसभराची एसटी. मी चहा सांगितला, तो त्यांनी घेतला नाही. म्हणाले, "बाई, तुमचं पुस्तक लय कामाचं निघालं. पहिला मान जोगाले भेटला."

झालं असं होतं. पुस्तिका गावात पोचल्यावर जोगाने सगळ्यांना सांगितलं होतं की आता भ्यायचं नाही, कावड पुस्तकात आहे, मी स्वतः सांगितली, साहेबानं लिहून घेतली. त्याच्या भरवशावर गडी माणसं उजळ माथ्याने सरपण आणायला लागली. नव्या गार्डाने जोगालाच पकडला. कावडीला दोन मोळ्या, म्हणजे डोईभारापेक्षा जास्त. जोगा म्हणाला, पुस्तक काढा. गार्डाने काढलं आणि चारचौघांत वाचून दाखवलं. डोक्यावरून. कावडीचं नाव नाही. जोगाने म्हटलं, पुन्हा वाचा. त्याने पुन्हा वाचलं. मग कुऱ्हाड आणि कावड जप्त केली, आणि त्याला रेंज ऑफिसच्या आवारात उन्हात बसवून ठेवला. त्याच्यामागे आणखी काही जण पकडले गेले. गावात आता त्याच्या शब्दाला कोणी विचारत नव्हतं. म्हणे साहेबाच्या जीपमध्ये बसला आणि खोटं बोलायला शिकला.

गुरुजी म्हणाले, "बाई, मी सोता त्याले सांगतलं होतं, लिवलं म्हनून. मले तं आता त्या गावात शिकवाची लाज वाटून राह्यली. तुमी लिवलं होतं, का नोतं?"

मी त्यांना कॉम्प्युटरवर ती ओळ दाखवली. कावड. पण त्या ओळीने त्यांचं काय होणार होतं?

त्याच दिवशी मी साहेबांच्या कचेरीत गेले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, सुपारी खाल्ली आणि म्हणाले, "अरेरे! कॉम्प्युटरची चूक झाली म्हणायची. नवं तंत्र आहे, व्हायचंच."

माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी म्हटलं, "साहेब, कॉम्प्युटरने काही केलं नाही. मी नको म्हटलं होतं, तुम्ही पानं उचलून नेलीत."

"हे बघा, आता कोणी काय केलं यात अर्थ नाही. शुद्धिपत्र काढू. फाइल वर पाठवतो."

फाइल वर गेली. वर म्हणजे कुठे, ते आजवर मला कळलेलं नाही. मी खेपा घातल्या, शुद्धिपत्राची चिठ्ठी स्वतः जुळवून, छापून नेली, फक्त सही हवी होती. ती टेबलावर पडून राहिली, तिच्यावर चहाचा कप ठेवलेला मी डोळ्यांनी पाहिला. सुट्टीत वडशाला गेले तेव्हा बाबांना सांगितलं. बाबा जेवत होते. म्हणाले, "ओझेवाल्याले कोनी विचारत नाई, पोरी. अन् विचारलं तं आयकत नाई." मला त्यांचाही राग आला, इतक्या शांतपणे कसं काय बोलवतं म्हणून.

मग साहेबांचं दुसरं पुस्तक आलं. तेंदूपत्त्याचं. हे वरच्या साहेबांच्या खास आवडीचं, आमच्या साहेबांची बढती त्यावर टेकलेली. शब्दसूची मोठी, आणि ती पुन्हा पुन्हा बदलायची. साहेब स्वतः येऊन माझ्या मागे खुर्ची टाकून बसले. मी पहिली आज्ञा दिली. पानं बांधली गेली. मग मी हात मांडीवर ठेवले.

साहेब म्हणाले, "काय झालं? कॉम्प्युटर बंद पडला का?"

मी म्हटलं, "कॉम्प्युटर चालू आहे. मी बंद आहे."

भाऊ दारातून आत धावले. "शीला, काऊन असं करून राह्यली? कर्ज हाय ना बाप्पा डोक्यावर!"

"भाऊ, मला काढून टाका. पण मधली आज्ञा इथे कोणाला येते ते आधी बघा."

कोणालाच येत नव्हती. नागपूरच्या अलीकडे हे काम करणारं दुसरं कोणी नव्हतं, आणि नागपूरचा माणूस वाट बघायला लावायचा. साहेब उठले, ओरडले, वरपर्यंत जाईन म्हणाले, भाऊंचं सरकारी काम बंद करीन म्हणाले. मी शुद्धिपत्राची चिठ्ठी कीबोर्डवर ठेवली. शेवटी त्यांनी सही केली, शिक्का मागवून तोही मारला. त्यांना पटलं असेल असं मला मुळीच वाटत नाही. त्यांना यादी हवी होती. मी मधली आज्ञा टंकली, एका ओळीची. इतक्या लहान गोष्टीसाठी इतका तमाशा करावा लागला, याचा राग मला त्या विजयातही येत होता.

शुद्धिपत्रं पिशवीत घालून मी एटापल्लीची एसटी धरली. गुरुजी स्टँडवर होते. आम्ही दोघं रेंज ऑफिसात गेलो. तिथल्या बाबूने सही पाहिली, शिक्का पाहिला, चिठ्ठी पुस्तिकेत चिकटवली. मी म्हटलं, "आता जोगाची कुऱ्हाड आणि कावड द्या."

कुऱ्हाड मिळाली, गंजलेली. कावड काही मिळेना. बाबूने गार्डाला हाक मारली, गार्डाने चौकीदाराला. चौकीदार म्हातारा होता, तो सरळ बोलला. "ते बांबू काय? ते तं जाळून टाकलं. थंडीच्या दिवसात साहेब लोकांच्या आंघोळीचं पानी तापवाले सरपन नोतं."

गुरुजींनी माझा दंड धरला, नाहीतर मी त्या बाबूच्या टेबलावरचं काय फेकलं असतं सांगता येत नाही. म्हातारा मात्र मला काही वावगं बोलला असं वाटून गोंधळून उभा होता.

गावात पायी गेलो. वाट उतारावर वळते तिथे समोरून सरपण आणणाऱ्या बाया येत होत्या, एकीमागे एक. त्यांच्या बरीच मागे, एकटा, एक पुरुष. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर भारा, एका हाताने सावरत, मान ताठ धरून. सवय नसल्याने पाय चुकत होते. पुढच्या दोन पोरी मागे वळून बघत होत्या आणि तोंडावर हात धरून हसत होत्या.

जोगाने आम्हाला पाहिलं आणि भारा खाली टाकला. मी त्याला कुऱ्हाड दिली. गुरुजींनी शुद्धिपत्र वाचून दाखवलं, माडियात सांगितलं. त्याने कागद हातात घेतला, पहिल्या वेळेसारखाच बघत राहिला.

"बाई, आता पुस्तकात कावड हाय?"

"हाय."

"गार्ड वाचन तं कावड म्हनन?"

"म्हणेल. म्हणावंच लागेल."

त्याने मान हलवली. माझ्या पिशवीकडे बघितलं, मग माझ्या मागच्या वाटेकडे.

"मंग माही कावड कुठी हाय?"

मी सांगितलं. जाळली म्हणून सांगितलं, कशासाठी तेही सांगितलं. मी म्हटलं, "जोगाभाऊ, नवी करा. आता कोणी अडवणार नाही."

"नवी कराची तं बांबू तोडा लागते," तो म्हणाला. "बांबूले बंदी हाय. ते तुमच्या पुस्तकात बरोबर छापलं हाय."

मग त्याने कागदाची घडी केली, कमरेला खोचली, चुंबळ पुन्हा नीट गुंडाळली आणि भारा उचलून डोक्यावर घेतला.